हेटीची दोन पानं

आमच्या हॉर्नबीम प्रकाशनात हेटी फाइनब्लाट काय काम करते हे सांगितलं की लोक हसायचे. चित्रकथांच्या मासिकात एकही चित्र नसलेली दोन पानं असत, ती हेटी लिहायची. टपालखात्याचा नियमच होता: स्वस्त दरात मासिक पाठवायचं तर दोन पानं नुसता मजकूर हवा. मुलं ती पानं उलटून पुढच्या हाणामारीवर जात. मालक क्रांट्झ म्हणायचे, "पोस्टवाले पानं मोजतात हो, वाचत नाहीत. काहीही लिहा!"

मी चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं काढायचो. त्यामुळे वाचला जाणारा मजकूर फक्त माझा, असं तिला चिडवायचो.

"गस, तुझं साहित्य म्हणजे 'धडाम' आणि 'वाचवा'," ती म्हणायची. "मिरव मेल्या!"

चित्रकथांच्या आधी ती भरड कागदावरच्या मासिकांत पुरुषाच्या नावाने दरोडेखोरांच्या कथा लिहायची. ती मासिकं बुडाली, पण हेटीची खोड गेली नाही. कुणी वाचत नसलेल्या दोन पानांसाठीही ती तीन-तीनदा खाडाखोड करायची. गोष्ट एकाच कुत्र्याची, पिकलची. तो तीन पायांचा, हडसन नदीतल्या एका कप्तानाच्या बोटीवर राहायचा.

सहा वर्षांत तिला वाचकाचं एकही पत्र आलं नव्हतं. सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत एक जरी पत्र आलं तर राहीन. नाहीतर नेवार्कला बहिणीच्या टोप्यांच्या दुकानात बसेन." मला फार वाईट वाटलं. पण चिडवायची सवय लागलेल्या माणसाला धड बोलता येत नाही. मी म्हटलं, "टोप्या तरी लोक बघतात." ती हसली नाही.

मार्चच्या अंकात गोष्ट नऊ ओळींनी लांबली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने नेहमीच्या पद्धतीने खालच्या नऊ ओळी कापल्या. पिकल नदीत तरंगणाऱ्या बर्फाच्या लादीवर अडकलेला, बोट लांब चाललेली, आणि गोष्ट संपली! कचेरीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही, लाज वाटते सांगायला.

हेटीने छापील अंक क्रांट्झच्या टेबलावर आपटला. "माझं कुत्रं बर्फावर सोडलंत तुम्ही!"

"अहो बाई, कुणाला कळणार आहे?"

आठवड्याभराने पोस्टमनने दारात गोणी टाकली. क्रांट्झना वाटलं, पत्रं चित्रकथेतल्या आपल्या उडत्या वीराला आली. मी पहिलं फोडलं: 'पिकल मेला का?' दुसरं: 'तुमचा कप्तान गाढव आहे.' तिसरं: 'उत्तर येईपर्यंत मी पालक खाणार नाही.' आम्ही टेबलांवर चढून मोठमोठ्याने पत्रं वाचत होतो. मधे हेटी उभी होती, दोन्ही हात गालांवर ठेवून.

"त्या कुत्र्याला ताबडतोब वाचवा!" क्रांट्झ ओरडले.

"जागा कुठाय?"

"तिसरं पान घ्या! पण वाचवा!"

तेवढ्यात तिच्या हाती ओहायोच्या एका मुलीचं पत्र आलं. ते तिने स्वतः वाचलं. 'मासिक भाऊ आणतो. चित्रांची पानं तो ठेवतो आणि बिनचित्रांची फाडून मला देतो. माझ्याकडे पिकलची सगळी पानं आहेत. मी त्यांचं पुस्तक शिवलंय. शेवट पाठवा, सुईत दोरा ओवून ठेवलाय.'

हेटी रडली, मग हसली, मग बहिणीला फोन करून म्हणाली, "टोप्या तूच विक गं बाई."

पुढचा अंक निघायला तीन आठवडे होते. पोरगी तोवर कशी थांबणार? त्या नऊ ओळी मी जाड कागदावर माझ्या सगळ्यात देखण्या अक्षरात काढायला बसलो. हेटी खांद्यावरून बघत होती.

"डावीकडे दोन बोटं जागा सोड," ती म्हणाली. "तिला शिवायचंय."