सवत उतरवली त्या दिवशी

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करणाऱ्या माणसाची कधी गोष्ट होईल, असं त्याला स्वतःलाही वाटलं नसतं. तीस वर्षं तो तेच करत आला. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, ओळीने मांडलेले दात आणि दिवसभर घरघरणारं पॉलिशचं मशीन. "अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं," असं तो म्हणायचा, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. दुसऱ्यांचे वरचे दात खालच्या दातांवर बसवता बसवता याचं स्वतःचं मात्र कुणाशी जुळायचं राहून गेलं. थोरला भाऊ आणि वहिनी वरच्या मजल्यावर, हा खालच्या, एवढाच त्याचा संसार.

रविवारी सकाळी मात्र त्याला कवळीवाला म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. शहराबाहेर एक वापरात नसलेली धावपट्टी होती. रेडिओवर चालणारी मोठी विमानं घेऊन दहाबारा वेडे तिथे जमायचे. तिथे त्याचं नाव होतं पाठीराखा. उडवणारा त्याचा थोरला भाऊ, दादा, आणि दादाच्या मागे अर्ध्या पावलावर, हनुवटी खांद्याला लागेल इतक्या जवळ उभा राहून सांगणारा हा. उडवणाऱ्याची नजर विमानावरून क्षणभरही हलत नाही. पुढची कसरत कोणती, वारा कुठून फिरला, पट्टीवर कोण मूर्ख चालत आलंय, हे सगळं मागच्याने कानात सांगायचं असतं. "वर घे. आता उलटं. कुशीवर. सावर."

दादा क्रेन चालवायचा. आठवडाभर क्रेनचे दोन दांडे, रविवारी हातातल्या रेडिओच्या दोन दांड्या. त्याची विमानं म्हणजे पोराटोरांची खेळणी नव्हेत. शेवटचं तर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच मीटर भरायचं. वजन अकरा किलो, नाकात दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पिवळ्या पंखांवर काळे पट्टे. धाकट्याने ते नऊ महिने जेवणाच्या टेबलावर काडी काडी जोडून बांधलं. नऊ महिने घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवली. वहिनीने त्या विमानाचं नाव ठेवलं सवत. मैदानावर ती कधी गेली नाही. "सवतीचं कौतुक बघायला कुणी जातं का?" म्हणायची, आणि दोघांचे डबे मात्र न चुकता भरून द्यायची.

बावीस वर्षांत दादाने अकरा विमानं पाडली. एक झाडावर, एक तळ्यात, एक तर स्वतःच्याच गाडीच्या काचेवर. विमान नाक खुपसून जमिनीत गेलं की सगळं मैदान गप्प व्हायचं. आणि दादा गंभीरपणे म्हणायचा, "आज जमीन जरा वर आली होती." मग सगळे हसायचे, धाकटा चुरा गोळा करायचा आणि सोमवारपासून पुन्हा चिकटवायला बसायचा. मोठ्या विमानाच्या दांड्या मात्र दादाने त्याला कधी हातात दिल्या नाहीत. "तू बांध, मी पाडतो. कामं वाटून घेतलेली बरी," म्हणायचा. धाकट्याने हसून सोडून द्यायचं. त्याने बावीस वर्षं हसून सोडून दिलं. आत जे जळत होतं त्याचा धूर बाहेर येऊ दिला नाही, एवढंच.

त्या मैदानावरचा एक नियम इथेच सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलंय. शेडच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता: रेडिओ हातातून सुटता कामा नये. अकरा किलोचं विमान आणि पात्यासारखा पंखा, त्याला धनी नसेल तर ते माणसं कापत जाईल. म्हणून उडवणारा चक्कर येऊन पडला, तरी पाठीराख्याने आधी रेडिओ झेलायचा, मग माणूस. नियम शहाण्यांचा होता. त्याला बोट लावायला कुठे जागा नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी दादाने सवतीला पूर्ण वेगात सरळ वर नेलं आणि त्याचे गुडघे दुमडले. पाठीराख्याने रेडिओ झेलला. दादा त्याच्या पायाशी पाठीवर पडला. बाकीचे सगळे लांब शेडमध्ये चहा पीत होते. इंजिनाचा आवाज चालू होता, म्हणून कुणी वळून बघितलं नाही.

इथपर्यंत नियमाप्रमाणे झालं. पुढचं मात्र नियमात बसत नाही. इंजिन बंद करायचा खटका त्याच्या बोटाखाली होता. विमान ज्या बाजूला होतं तिकडे नुसतं माळरान. खटका दाबला असता तर सवत झुडपांत जाऊन पडली असती आणि हा दोन सेकंदांत भावाजवळ बसला असता. त्याने खटका दाबला नाही. त्याने विमान उलटं केलं, सरळ केलं, लांबवरून एक मोठी फेरी घेतली आणि हलकेच पट्टीवर टेकवलं. एक ओरखडा नाही. रेडिओच्या घड्याळावरून नंतर त्याने हिशेब केला, एक मिनिट दहा सेकंद. त्या एक मिनिट दहा सेकंदांत तो सुखात होता. हे त्याने जगात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आयुष्यात इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं, आणि ते होत असताना पायाशी भाऊ मरत होता.

डॉक्टर म्हणाले, लगेच धावला असता तरी उपयोग नव्हता. सगळे तसंच म्हणाले. मैदानावर उडवायला येणाऱ्या एका औषधवाल्याने तर पाठीवर हात ठेवून शाबासकी दिली, "विमान सोडलं नाहीस, धन्य आहेस." वहिनी इस्पितळात आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

माणूस कधी दयेने खोटं बोलतो, कधी भीतीने. याची दोन्ही कारणं एकदम जमून आली. "डोकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. "तुमचं नाव घेतलं."

झालं. दर गुरुवारी लायब्ररीतलं काम आटपून घरी जाताना वहिनी दवाखान्यामागच्या त्याच्या खोलीत यायला लागली. स्टुलावर बसायची, साच्यांकडे बघायची आणि म्हणायची, "भाऊजी, पुन्हा सांगा ना." तो सांगायचा. कधी दादा एकदा नाव घ्यायचा, कधी दोनदा. एका गुरुवारी दादा थोडासा हसलाही. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण याचं खोटं बाळसं धरून रांगायला लागलं होतं. वहिनी ते ऐकून हलक्या पावलांनी घरी जायची आणि हा मशीन चालू करून तसाच बसून राहायचा.

आणि मशीन चालू झालं की ते सुरू व्हायचं. पॉलिशच्या घरघरीत त्याला इंजिनाचा सूर लागायचा, सरळ वर चढतानाचा. हातातली कवळी विसरून त्याचे अंगठे हलायला लागायचे, थोडं डावीकडे, थोडं मागे. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या मागे उभा असताना एकदा त्याच्या तोंडून "सावर" असं निघून गेलं. तो माणूस दचकून बाजूला झाला. भर दुपारी रस्त्याने चालताना त्याच्या पायाशी काहीतरी पडल्यासारखं व्हायचं, आणि खाली बघायचा धीर व्हायचा नाही. म्हणून तो मान वर करून चालायचा. लोकांना वाटायचं, भाऊ गेल्यापासून ताठ झालाय.

एका गुरुवारी वहिनीने पुन्हा सांगा म्हटलं नाही. "मला तिला उडताना बघायचंय," ती म्हणाली. "सवतीला. आणि ते जिथे पडले ती जागा दाखवा."

त्याने वारा आहे म्हणून सांगितलं, बॅटरी जुनी झाली म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली, "नवी घ्या." कारणं संपली.

रविवारी ते लवकर पोचले, मैदानावर कुणी यायच्या आत. त्याने पंख जोडले, त्यांच्या झडपा हलवून बघितल्या, पंखा फिरवला. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं तेव्हा वहिनीने कानांवर हात ठेवले. मग त्याने बोट करून जागा दाखवली आणि त्याच जागी तो उभा राहिला. वहिनी येऊन मागे उभी राहिली, अर्ध्या पावलावर, बरोबर पाठीराख्याच्या जागी. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सवत वर गेली. दांड्यांची टोकं दादाच्या अंगठ्यांनी घासून गुळगुळीत झाली होती, आणि रेडिओत सगळी जुळवणी दादाच्या जड हाताच्या हिशेबाने केलेली होती. दांडी जरा हलवली की विमान त्याच्या मनापेक्षा हळू वळायचं, जणू आधी कुणाची तरी परवानगी घ्यायचं. त्याने तिला कुशीवर नेलं, उलटं केलं, नाक वर करून नुसत्या पंख्याच्या जोरावर हवेत टांगून ठेवलं. आणि ते आलं. तेच सुख. लाज वाटावी इतकं स्वच्छ सुख, छातीपासून अंगठ्यांपर्यंत. चौदा महिने त्याला वाटत होतं की तो भावाच्या मरणाला घाबरतो. तो घाबरत होता याला.

त्याने इंजिन मंद केलं. विमान लांब, शांत फेऱ्या घेऊ लागलं. नजर वर होती, म्हणून त्याला बोलता आलं. तिच्या तोंडाकडे बघून एक शब्द फुटला नसता.

"वहिनी, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्याने विमान लांबच्या टोकाला वळवलं.

"डोकं मांडीवर नव्हतं. दादा पडला तेव्हा मी रेडिओ धरला. सगळे म्हणतात नियमच आहे. पण विमान माळावर सोडून देता आलं असतं मला. मी सोडलं नाही. मी तिला उडवत बसलो. एक मिनिट दहा सेकंद. मला बरं वाटत होतं, वहिनी. फार बरं वाटत होतं. उतरवलं, रेडिओ खाली ठेवला, मग त्याच्याकडे वळलो. तोवर काही उरलं नव्हतं."

विमानाने एक फेरी पूर्ण केली. दुसरी केली. मागे श्वाससुद्धा ऐकू येईना. रेडिओचं घड्याळ टकटक वाजायला लागलं, पेट्रोल संपत आलं होतं, उतरवायला हवं होतं. त्याने विमान पट्टीच्या रेषेत आणलं. ती मागे उभी आहे का निघून गेली, तेवढं त्याला कळायला हवं होतं. आणि तेवढ्यासाठी मान वळवायची तर विमान हवेत होतं.

या वेळी त्याने मान वळवली.

अकरा किलोंना तीन सेकंद पुष्कळ होतात. एक पंख टेकल्याचा आवाज झाला, मग लाकूड फुटल्याचा, मग इंजिन एकदा खाकरल्यासारखं होऊन थांबलं. नऊ महिन्यांचं काम पट्टीवर पसरलं. त्याने तिकडे बघितलं नाही. वहिनीनेही बघितलं नाही. ती तिथेच होती, जागची हलली नव्हती. डोळे कोरडे होते आणि चेहरा असा झाला होता, की आता ती मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

"नाव घेतलं नव्हतं?"

"मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"इंजिन पूर्ण वेगात होतं."

"म्हणजे घेतलंही असेल," वहिनी म्हणाली.

चौदा महिन्यांत हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. ते एक मिनिट त्याने नेहमी मुकंच धरलं होतं. दादाने हाक मारली असेल. तिला मारली असेल. नाहीतर यालाच, हातभर अंतरावर उभा राहून वर बघणाऱ्या धाकट्याला.

"असेल," तो म्हणाला.

वहिनी त्याच्या पायाशी गवतात बसली आणि मग सावकाश पाठीवर आडवी झाली, त्याच जागी. वर आभाळात काही नव्हतं. तिने तोंड जेमतेम उघडलं आणि मरणाऱ्या माणसाला जमेल तेवढ्याच आवाजात म्हटलं, "भाऊजी."

इंजिन बंद होतं. त्याला ऐकू आलं.