निळं, काळं, निळं

नातीच्या हातनं शाईची दौत कलंडली आन् त्या वासासरशी मी पलूसच्या जुन्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

एकाहत्तरची लढाई हुती. मालक फौजेत बिनतारीवर. मला वाचाय येत न्हाई, म्हणून जाताना त्येंनी खूण सांगितली, "शाईचा रंग बदलला तर माझी जागा बदलली. तोच असला तर हाय तिथंच. घरात बोलू नगंस."

निळ्या शाईचं पत्र आलं, मग पुन्यांदा निळं. हाय तिथंच, म्हणून आठ दिस मी निवांत निजले.

मग पोस्टमन आला. "आवं वैनी, ह्ये मागल्या पत्राच्या आदीचं हाय, वाटंत अडकलं हुतं. खुशाल हाय म्हणून लिवलंय."

पत्र काळ्या शाईचं हुतं.

तिन्ही पत्रं मी मांडीवर लावली. निळं, काळं, निळं. म्हंजी ते लढाईवर गेले आन् तिथनंबी हलले. कुठं, ते शाई सांगत न्हवती. सासूबाई चुलीपासनं वरडल्या, "काय म्हणतोय गं?"

"खुशाल हाईत," मी म्हणाले.

ते घरी आले दवाखान्यातनं, एका पायानं. म्हणाले, "मी दोनदा सांगितलं हुतं की गं."

पत्र अडकलं त्येचं आता काय न्हाई. पर त्या आठ दिसांत मी लय हसले हुते.