आईचा डबा अजून परत यायचाय

भोरच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या हातात कडीचा स्टीलचा डबा दिला. आत नाचणीच्या भाकरी, झाकणावर तिचं नाव. ते नाव मीच घातलेलं. "रिकामा परत आणू नगं," एवढंच म्हणाली आणि आमच्या गावाची, हिर्डोशीची गाडी पकडायला पळाली. चुकली असती तर चालत जावं लागलं असतं. मी आणि माझी मैत्रीण शमीम पुण्याच्या गाडीत बसलो. रडलो-बिडलो नाही. दोघींची लग्नाची वयं टळलेली, अडवणार तरी कोण?

नव्वदनंतरची गोष्ट आहे ही. शमीमच्या अब्बांचं भोरात भांड्यांचं दुकान होतं. ती चित्र काढायची, मी नाव घालायच्या मशीननं कोरायचे. लग्नात द्यायच्या ताटावर लोकांना नुसतं नाव हवं असायचं. आम्ही नावाशेजारी टेम्पो, साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा असलं काहीबाही घालायचो. अब्बा ओरडायचे, "अगं, गिऱ्हाईक ताट मागतंय, जाहिरात न्हाई!"

ती ताटं घेऊनच आम्ही पुण्याला गेलो होतो; तिथं चित्रकलेच्या एका सरांनी ती भिंतीवर टांगली, तेव्हा कळलं की ह्याला पॉप आर्ट म्हणतात. मग मुंबई, बडोदा, दिल्ली. दहा-बारा वर्षं गेली. सही कायम दोघींची मिळून एकच. कुणाचा हात कुठला, असं कुणी विचारलं की शमीम म्हणायची, "भाकरी थापली कुणी, भाजली कुणी, हे जेवताना विचारता का?"

पुढं आम्ही कन्सेप्च्युअल आर्टकडं वळलो, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पनाच मांडायची. मुंबईच्या गॅलरीत शंभर डबे मांडले. प्रत्येकावर आमच्याकडच्या एकेका बाईचं नाव, आत मूठभर तांदूळ. पाटीवर लिहिलं, 'घेऊन जा'. बस. चूक झाली ती तिथं. शेजारणीचा डबा आला की त्यात काहीतरी घालूनच परत द्यायचा, हे सांगावं लागतं असं आमच्या मनातच आलं नाही. परत काय येतं, तेच तर आम्हाला मांडायचं होतं. शमीम म्हणाली, "तुझ्या आईचापण ठेव. आपला जीव त्यात नसंल तर लोकांनी का आणावा?" ठेवला.

शेवटच्या दिवसापर्यंत तीन डबे आले. घासलेले, लखलखीत, रिकामे. आईचा त्यात नव्हता. पेपरात छापून आलं की आम्ही महानगराची रिक्तता दाखवली. शमीम पोट धरून हसली आणि दोन महिन्यांनी भोरला, दुकानात परत गेली. भांडण नाही, काही नाही. "आता मांडायला हात उचलत न्हाई," म्हणाली.

मी मुंबईतच राहिले. घरी मात्र गेले नाही. दिवाळ्या गेल्या, जत्रा गेल्या. फोनवर आईला कामाची सबब सांगायचे. डब्याचं कसं सांगणार? तिसऱ्या वर्षी एकदाचं सांगून टाकलं, "आई, तुझा डबा गेला. कुणी नेला ते ठाऊक नाही."

"कुणाच्या तरी घरीच हाय न्हवं?" आई म्हणाली. "मग त्यांच्याकडं घालायला काई नसंल अजून. रिकामा कसा धाडतील बिचारे? आपुन टोचून बोलायचं न्हाई."

मग तीच म्हणाली, "तू काय डबा हाईस व्हय? तू ये की रिकामी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले.

तुम्ही गावात राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे लांब गेलेले, तो डबा कुणाकडं असेल तर एवढंच सांगते. घाई नाही. झाकणावर नाव आहे, आणि आई अजून हिर्डोशीतच आहे.