एका खंड्याचे दोन मालक

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवते. जळगावच्या एका शाळेत, आठवी ते दहावी. सहलीच्या बसमध्ये मुलं भुताच्या गोष्टी काढतात तेव्हा मी मध्ये बसून एकेका भुताचा निकाल लावते... कुठे दलदलीतला वायू निघतो, कुठे घुबड, कुठे सांगणाऱ्याचा मामा. मुलं त्यासाठी माझ्यावर चिडून असतात. तेव्हा न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात आपण कधी लिहू असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात जे घडलं ते मला अजून सुटलेलं नाही, आणि न सुटलेलं गणित घेऊन मला झोप येत नाही. घाबरू नका, भूतबीत नाही. एक पक्षी आहे, एक लाल डाग आहे, आणि वांग्याचं भरीत आहे.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे – ‘खान्देशी चौकट’. सगळे जळगाव-धुळ्याकडचे हौशी फोटोग्राफर. हौशी म्हणजे नवी लेन्स घ्यायची आणि घरी तिची किंमत निम्मी सांगायची, अशी माणसं. सावद्याचे एक सभासद दर आठवड्याला केळीच्या बागेमागचा सूर्यास्त टाकतात. बाग तीच, सूर्य तोच, तरी खाली लिहितात, “आजचा वेगळा आहे, नीट बघा.” जळगावकरांना धुळेकरांचे रंग भडक वाटतात आणि धुळेकरांना जळगावकरांचे फोटो आजारी वाटतात. यावर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ग्रुप सोडतं आणि संध्याकाळी परत येतं.

ग्रुपचे ॲडमिन पारोळ्याचे नाना. उभा जन्म लग्नाचे फोटो काढण्यात गेला, आता स्टुडिओ मुलाच्या ताब्यात देऊन आमच्यावर राज्य करतात. पारोळा जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये, त्यामुळे भांडणातही नाना मध्येच. त्यांचा एकच कडक नियम आहे. कोणाच्याही फोटोला ‘वा’ म्हणण्याआधी त्यातली एक चूक सांगायची. चूक न सांगता वाहवा केली की नाना ती काढून टाकायला लावतात. स्वतः ते बहुतेक वेळा आपल्या अहिराणीत एवढंच लिहितात – “क्षितिज वाकडं शे.” एकदा मी मुद्दाम क्षितिजच नसलेला, भिंतीवरच्या पालीचा फोटो टाकला. नानांनी लिहिलं, “भिंत वाकडी शे.”

या नियमामुळे सगळ्यांना सगळ्यांची खोड तोंडपाठ झाली आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एक धुळीचा कण बसलाय, तो प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात करडा ठिपका होऊन येतो. साफ करून घेतला तरी पुन्हा तिथेच. ग्रुपवर त्याला ‘ज्योतीताईंचा तीळ’ म्हणतात. धुळ्याच्या दिलीपभाऊंच्या सेन्सरचा एक बिंदू जळालेला आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत खाली उजवीकडे बारीक लाल ठिपका असतो. ती ‘भाऊंची टिकली’. फोटो पाठवणाऱ्याचं नाव झाकलं तरी आम्ही मालक ओळखतो.

आता दिलीपभाऊंबद्दल. एस.टी.तून निवृत्त झालेले. टाइप करायचा कंटाळा, म्हणून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतात, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आणि वहिनींचं “आधी भाजी आणा” हेही ऐकू येतं. मी नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्या चकत्या-बटणांना हात लावायची मला भीती वाटायची. भाऊंनी फोनवरून मला शटर स्पीड शिकवला. भिंतीवरच्या पंख्यावर, बसल्या जागी. आई गेली त्या महिन्यात मी एकही फोटो टाकला नाही, तर हे रोज सकाळी मला एकटीला आपला एक फोटो पाठवायचे आणि लिहायचे, “ताई, चूक सांगा.” मला त्या चुका शोधण्यात थोडा वेळ रडू यायचं नाही. आम्ही प्रत्यक्ष फार वेळा भेटलोही नव्हतो. पण सख्ख्या भावाशी भांडावं तसं रोज भांडत होतो.

जानेवारीतला रविवार होता. मी आमच्या जळगावच्या मेहरूण तलावावर गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच आमचे हे सोबत आले, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. लाल स्वेटर, हातात चहाचा थर्मास. मी बसले पाणकणसांच्या कडेला आणि हे वळणापलीकडे समोरच जाऊन उभे राहिले. एक हात कमरेवर, तोंडावर ‘अजून किती वेळ?’ मी ओरडून बाजूला व्हायला सांगणार, तेवढ्यात खंड्या आला. पाणकणसाच्या वाकलेल्या दांड्यावर बसला. चोचीत मासा, माशाच्या शेपटीला लोंबलेला पाण्याचा थेंब. मी बटण दाबलं. मागे आमचे हे निव्वळ लाल डाग होऊन उमटले, पण खरं सांगू? त्या डागामुळेच फोटो जिवंत झाला. माझ्या सगळ्या हौशीतला हा सर्वात चांगला फोटो, हे मला तिथेच कळलं.

संध्याकाळी टाकला. फोन खाली ठेवते न ठेवते तोच माझ्या फोटोखाली दिलीपभाऊंचा फोटो आला – “आज सकाळी, नकाणे तलाव, धुळे.”

तोच खंड्या. तोच मासा, तोच थेंब, तोच दांडा. मागे तोच लाल डाग, कमरेवर हात.

मी लिहिलं, “भाऊ, माझाच फोटो मला परत का पाठवताय?”

व्हॉइस मेसेज न पाठवता त्यांनी चक्क टाइप करून उत्तर दिलं. “ताई, मी तेच विचारणार होतो.”

पहिला तासभर सगळे हसले. “खंड्या सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेला का?” वगैरे. मग हसणं थांबलं. कोणीतरी लिहिलं, चोरी ती चोरीच. जळगावकर माझ्या बाजूने उतरले, धुळेकर भाऊंच्या. धुळेकर म्हणाले, बाईंना इतका चांगला फोटो आजवर कधी आला होता? यावर मी काय लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. सावद्याच्या गृहस्थांनी वातावरण निवळावं म्हणून सूर्यास्त टाकला, तर दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं.

पुढच्याच महिन्यात ग्रुपचं पहिलं प्रदर्शन होतं. प्रत्येकाचा एक फोटो. नानांनी फर्मान काढलं – दोघांनी कॅमेरा, कार्ड आणि साक्षीदार घेऊन पारोळ्याला यायचं. जो खोटा ठरेल तो प्रदर्शनातूनही बाहेर आणि ग्रुपमधूनही.

हसू नका, पण मी ते फर्मान तीनदा वाचलं. घरी मी आई, शाळेत मॅडम. मला माझ्या डोळ्याने ओळखणारी माणसं फक्त या ग्रुपवर आहेत. मी खोटी ठरले तर ती जातील. आणि मी खरी ठरले तर दिलीपभाऊ चोर ठरतील, मग माझा भाऊ जाईल. रात्रभर मला कुठला निकाल हवाय तेच कळेना.

नानांच्या मागच्या अंगणात सुनावणी झाली. एका बाजूला तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललेलं, दुसऱ्या बाजूला खाटेवर लॅपटॉप. दिलीपभाऊ आणि वहिनी आले. भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

नानांनी दोघांची कार्डं स्वतःच्या हाताने लावली. मूळ फाइल, ज्यात कॅमेरा स्वतःच्या खुणा लिहून ठेवतो आणि जिला हात लावला की कळतं, ती दोघांच्याही कार्डावर होती. माझी माझ्या कॅमेऱ्याची, भाऊंची भाऊंच्या. कंपन्यासुद्धा वेगळ्या. वेळ पडताळावी तर भाऊंनी कॅमेरा घेतल्यापासून घड्याळ लावलेलंच नाही, त्यात अजून कारखान्यातलं साल चालू आहे. माझ्या फोटोच्या आधीचे फोटो मेहरूणचे, नंतरचेही मेहरूणचे. भाऊंच्या फोटोच्या मागे-पुढे नकाणे. मधला एक फोटो तेवढा दोघांचा.

तेवढ्यात मला ते दिसलं. भाऊंच्या फोटोत वर डाव्या कोपऱ्यात... करडा ठिपका.

“तीळ!” मी ओरडलेच. “माझा तीळ आहे तो! भाऊंच्या फोटोत काय करतोय?”

जळगावकरांनी टाळ्या वाजवल्या. दिलीपभाऊंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उगाच बोलले. ते पुढे आले, माझा फोटो उघडला आणि खालचा उजवा कोपरा मोठा करून दाखवला. बारीक लाल ठिपका.

“आणि ही टिकली, ताई?” ते हळूच म्हणाले.

माझ्या फोटोंत लाल ठिपका आधी कधी आला नव्हता, नंतरही कधी आला नाही. त्यांच्या फोटोंत तीळ नव्हता. फक्त या एका फोटोत, दोघांच्याही, दोन्ही खोडी. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की कारण असतंच, आपण शोधत नाही. तिथे उभी राहून शोधत होते आणि हाताला काहीच लागत नव्हतं. अंगावर काटा आला, तोही भर दुपारी, वांग्याच्या धुरात.

नाना म्हणाले, “साक्षीदार बोलावा.”

आमचे हे पुढे झाले. “मागचा लाल डाग म्हणजे मी. लाल स्वेटर, हातात थर्मास.”

वहिनी ताडकन उठल्या. “असं कसं? हाई मीच शे ना! मनी लाल शाल शे, नवी. हातमा डबा व्हता. मी यासले म्हणी ऱ्हायनू, चला घर, भूक लागनी.”

मग जे सुरू झालं त्याची तोड नाही. आख्खा ग्रुप लॅपटॉपवर वाकून तो डाग मोठा करून पाहू लागला. डाग बाईचा की पुरुषाचा? एक म्हणे, खांदे पुरुषाचे. दुसरा म्हणे, शालीखाली कोणाचेही खांदे तसेच दिसतात. नानांनी दोघांना कडुलिंबाखाली ‘तसंच’ उभं राहायला सांगितलं. दोघं उभी राहिली. एकेक हात कमरेवर, मान किंचित तिरकी, चेहऱ्यावर तोच ‘अजून किती वेळ’. दोघांत तिळाचाही फरक नाही. कोणाला तरी हसू फुटलं, आणि मग कोणालाच आवरेना. दिलीपभाऊ डोळे पुसत माझ्याकडे वळले आणि आम्ही एकमेकांकडे बघून इतके हसलो की मला खाटेवर बसावं लागलं.

“कसाले भांडतस आते?” नाना म्हणाले. “दोन्ही बी खरा शेतस. दोन्ही लावा. भरीत थंडं व्हई ऱ्हायनं.”

“पण नाना, हे झालं कसं?” मी विचारलं.

“ते माले काय माहीत? क्षितिज मात्र दोन्हीमा वाकडं शे.”

प्रदर्शनात दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लागले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, एकच फोटो दोनदा का? आम्ही आळीपाळीने सांगायचो, कोणीही विश्वास ठेवला नाही. एक आजोबा म्हणाले, “खिळा जास्तीचा होता म्हणून लावलाय, असं सरळ सांगा की.”

त्यानंतर मी सगळं तपासलं आहे. कार्डं कधी एकमेकांकडे गेली नव्हती. महिनाभर आम्ही भेटलोही नव्हतो. फोटो थेट कॅमेऱ्यातून फोनवर गेले होते. शाळेतल्या संगणकाच्या सरांनी दोन्ही फाइल आठवडाभर ठेवून घेतल्या आणि मग “मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना?” असं विचारून परत दिल्या. स्पष्टीकरण नाही. आजही नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर मला खरोखरच हवं आहे.

एक सांगायचं राहिलं. प्रदर्शन संपल्यावर फोटो उतरवताना कळलं की फ्रेमवाल्याने मागे नावंच घातलेली नाहीत. दिलीपभाऊंनी आणि मी चष्मे पुसून दोन्ही फोटो खालून-वरून पाहिले. ज्यासाठी एकमेकांना चोर म्हणालो, त्यातला आपला कोणता हे दोघांनाही सांगता येईना. शेवटी हाताला आला तो ज्याने-त्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा व्हॉइस मेसेज आला, कधी नव्हे तो छोटा. “ताई, फोटो बैठकीत लावला. पण ही म्हणतेय, आज नीट पाहिलं तर हे तुमचे साहेबच दिसतात. शाल नाही म्हणे, स्वेटरच आहे. आमचा बहुधा तुमच्याकडे आला. बदलायचा का?”

मी आमच्या ह्यांना हाक मारली आणि भिंतीला टेकवलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. पारोळ्याला भर अंगणात ‘मीच तो’ म्हणून सांगणारा हा माणूस चष्मा वर करून, खाली करून, बराच वेळ बघत राहिला.

“वहिनी आहेत,” हे म्हणाले. “डबा दिसतोय की हातात.”

मी भाऊंना लिहिलं, “राहू द्या. इथेच राहू द्या त्यांना.” मग मी स्टूल धरलं आणि ह्यांनी खिळा ठोकला.