पडद्यावरचा अंगठा

गोंडपिपरीच्या आमच्या कचेरीत बल्लारपूरहून मॉनिटर बघायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. शर्ट मळका, कानामागे पेचकस, आणि पडद्याला गाल लावून असा बघायचा की जणू पडद्यालाच ताप आलाय.

पडद्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक पांढरे डाग पडले होते. कंत्राटी ऑपरेटरबाई टाचणीने टोचतात, त्यांना कामावरून काढा, असं पत्र मी, हेडक्लार्कने, त्याच सकाळी साहेबांच्या नावे लिहिलं होतं.

त्यानं केबल बदलली, कापड फिरवलं. डाग तसेच. मग त्यानं पडद्यावर शेतकऱ्यांची यादी उघडली.

"भाऊ, हे जरा वाचून दाखवा बरं."

मी वाचू लागलो. जन्मभर रजिस्टरं वाचलेली, त्यामुळे ओळ सुटू नये म्हणून दर ओळीवर अंगठा दाबत गेलो. अंगठा दर वेळी बरोबर डागावर पडत होता.

"मॉनिटर नवा भेटन," तो हसू दाबत म्हणाला, "पण अंगठा तं हाच राह्यन. बाईले काऊन बोलून राह्यले तुमी?"

बाई तिथेच उभ्या होत्या. मी म्हणालो, पत्राला जावक क्रमांक पडला, आता परत घेता येत नाही.

"नंबर तं पेननंच पडते ना, भाऊ?" त्यानं पेचकस कानामागे खोचला आणि निघाला.

बाईंची नोकरी महिनाअखेरीस गेली. आता लिहून टाकतो: जावक रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं, आणि ते पत्र संध्याकाळपर्यंत माझ्याच खणात होतं.