सड्यावरच्या पावलाचा साचा

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर ऐकल्या त्या फौंड्रीत, डबा खाता खाता, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याची टर उडवली. शिरोली एमआयडीसीत छत्तीस वर्षं मोल्डर होतो, ओतकामासाठी वाळूचे साचे करायचो. वाळूत जे दाबाल तेच उमटतं, इतकं साधं. आज वय त्र्याहत्तर. हे लिहायला मला चार वर्षं लागली... भीतीमुळे नव्हे, लाजेमुळे.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझे साडू बापू अणुस्कुरा घाट उतरून राजापूरकडे फिरायला गेलो. पहिला दिवस समुद्र, किल्ला, मासे. दुसऱ्या दिवशी सकाळी कातळशिल्पं. गावाचं नाव लिहीत नाही, माझ्यासारखे आणखी तिथं जायला नकोत.

तिथं सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. त्यावर माणसाची आकृती कोरलेली, पावलं खऱ्या माणसाच्या मापाची. रेषा बोटभर खोल. राखण करायला भिकाजी नावाचे माझ्याच वयाचे गृहस्थ. गावानं हे काम त्यांना सोपवलेलं, रोज झाडून काढायचे.

"कुठनं आलाव?"

"कोल्हापूर," बापू म्हणाले. "तुमचं आंबं पिकल्यात का बघायला आलोय."

"जानेवारीत? मग मोहोर खा!" भिकाजी खो खो हसले. "चपला हितंच काढा. चित्रावर काय ठेवू नका. बाकी हवं तेवढं बघा."

ऊन चढलं, तसे ते म्हणाले, "घर खालीच हाय. कोकम सरबत आणतो, बसा."

ते गेले आणि मी गाडीच्या डिकीतून प्लॅस्टरची पिशवी काढली. बापूंना म्हटलं, सहज पडून होती. खोटं. मोबाईलवर फोटो पाहिल्यापासून त्या पावलाचा साचा काढून पितळेत ओतायचं माझ्या डोक्यात होतं. चांगलं काही दिसलं की साचा काढायचा, ही आम्हा मोल्डर लोकांची खोड.

"पावणं, नको," बापू म्हणाले. "म्हातारा चपला काढाय लावतोय आन् तुम्ही त्यावर प्लॅस्टर ओतताय व्हय?"

"अर्ध्या तासात निघतंय. कुणाला पत्ता लागत न्हाय."

साचा सुटावा म्हणून अंगाला लावायची पावडर मारली होती. पण जांभा स्पंजासारखा. प्लॅस्टर त्याच्या भोकाभोकांत शिरून बसलं. शिकाऊ पोरालाही कळलं असतं, मला कळलं नाही. घाईघाईनं स्क्रूड्रायव्हर घातला आणि अंगठ्याचा सुपारीएवढा तुकडा दगडातून निघून प्लॅस्टरबरोबर आला. खड्ड्यात तांबडी माती भरली, साचा टॉवेलात गुंडाळला. भिकाजी किटली घेऊन आले. मी दोन पेले सरबत प्यालो — चांगलं झालंय, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, परसात, भर उन्हात साचा धुतला. बापू शेजारी उभे. दगडातल्या रेषेच्या जागी प्लॅस्टरवर उंचवटा यायला हवा, तो आला होता. मधला भाग सपाट हवा, कारण तिथं दगड सपाट होता. हात फिरवून पाहिला होता मी. पण तिथं पाय उमटला होता... आत दबलेला, अनवाणी माणसाचा. टाचेच्या भेगा, तळव्याची घडी, चार बोटं. अंगठ्याच्या जागी तो जांभ्याचा तुकडा.

ही बाजू दगडाला चिकटून पालथी होती. तिच्यावर कोण उभं राहणार?

बापूंनी पाय लावून पाहिला, मीही पाहिला. दोघांचाही नव्हे, लहान होता. "पावणं," बापू हळूच म्हणाले, "ह्यो कुणाचा?"

एका जुन्या सहकाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, प्लॅस्टरखाली हवा अडकली असेल. हवा अडकून खड्डा पडतो, टाचेच्या भेगा पडत नाहीत.

आठवड्यानं भिकाजींचा फोन आला. मे महिन्यात आंबे पाठवायला म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला होता. "भाऊ, अंगठा फुटलाय ओ. तुमी निघालाव तवा धड व्हता ना? पाठनं कोण येताना दिसलं काय?"

"धड होता की," मी म्हणालो. "कॉलेजची पोरं वर चढत होती. त्यांनीच केलं असेल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून गावात तेच सांगितलं. गावानं चौकशी केली. त्या दिवशी कुठलीच पोरं आली नव्हती. मग ठरलं की भिकाजीच खोटं बोलतोय, त्याच्याच हातून फुटलं असणार. राखणीचं काम काढून घेतलं. हे मला पुढं कळलं.

गेल्या डिसेंबरात साचा घेऊन मी त्यांच्या अंगणात गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उमटलेला पाय नीट पाहिलाही नाही. एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपेग? सांजच्याला देवळात माणसं जमतात. थितं सांगा."

मी हो म्हणालो. आणि घाटात अंधार होईल, असं कारण सांगून चार वाजताच गाडी काढली.

तो पाय कुणाचा, कसा उमटला, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा. पण देवळात जे सांगायचं राहिलं, ते मला पक्कं माहीत आहे. हे छापून आलं की एक प्रत त्या देवळात पाठवणार आहे, खाली नाव-पत्त्यासकट. भिकाजींसमोर कुणीतरी ती मोठ्यानं वाचावी. त्या दिवशी सड्यावर कॉलेजची पोरं नव्हती. तिथं मी होतो.