लिओटाचा शर्ट

माझी धाकटी बहीण लिओटा शाळेची बस चालवते. आमच्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात तिचं कोण कौतुक! रस्ता गोठला तरी हिची बस वेळेवर. पोरं हिला पेपरमिंट आणून देतात, कुत्री शेपट्या हलवत बसमागे धावतात. कुत्री माझ्या गाडीमागेही धावतात, पण ती चावायला. चर्चच्या जेवणात हिचा भोपळ्याचा केक सगळ्यात आधी संपतो आणि माझा मीच डब्यात भरून घरी नेते. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो, आणि तो आजचा नाही.

पण केकचं सोडा. खरं दुखणं हरणांचं आहे. आमचे वडील रिव्हॉल्व्हरने हरीण मारायचे. रायफलवाले दिसले की नाक मुरडायचे. हरीण जवळ येईस्तोवर दम धरायचा, हात लांब करायचा आणि एका गोळीत पाडायचं, याला ते शिकार म्हणत. जाताना त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर लिओटाला दिलं, आणि टेकडीवरच्या बीच जातीच्या झाडात स्वतः बांधलेलं मचाणही तिलाच. मला काय, तर ओढ्याकाठची ओली जागा. बसायला ओंडका आणि बघायला खारी. मी थोरली असून!

त्यात आमच्या शिकारीच्या खोपीचा नियम. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घेर कात्रीने कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचा. शिवाय पुढच्या वर्षी त्याची बसायची जागा हरीण आणणाऱ्याला द्यायची. कात्री आमच्या चुलतभावाकडे, बर्लकडे असते, आणि तो ती इतक्या हौसेने चालवतो की विचारू नका. भिंतीवर माझ्या शर्टांचे एवढे तुकडे आहेत की खिडकीला पडदा होईल. लिओटाचा एकही नाही. दरवर्षी बीन्स वाढताना बर्ल तिच्या शर्टाकडे बघून उसासा टाकतो, आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात. मला ते मचाण हवं होतं. तिचा शर्ट कापलेला बघायचा होता.

म्हणून गेल्या वर्षी पानं झडायला लागली तेव्हा लिओटा माझ्या दारात आली आणि म्हणाली की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो खुंट, तिला आता धड दिसत नाही, तेव्हा मला आतून नुसत्या उकळ्या फुटल्या. तोंडावर मात्र मी काळजी आणली. रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवून घ्यायची होती, दुकानात सोबत येशील का म्हणाली. तिचं बोलणं संपायच्या आत मी कोट चढवला.

दुकानदार वेंडेलने आधी रायफलची दुर्बीण दाखवली, स्वस्तात देतो म्हणाला. लिओटाने हात लांब करून धरली तर मध्ये बोटाएवढा उजेड, बाकी सगळा काळोख. ती डोळ्याला भिडवूनच बघावी लागते, आणि रिव्हॉल्व्हर इतक्या जवळ धरून झाडलं तर झटक्याने भुवई फुटायची. लांब हातावरून बघायची दुर्बीण वेगळी असते. मग त्याने लाल ठिपक्याची काच काढली. तिच्यात काही मोठं दिसत नाही, नुसता ठिपका हरणावर टेकवायचा.

"ठिपका कुठाय?" लिओटा म्हणाली. "मला तर चिरडलेली तुती दिसतेय."

मी बघितलं, मलाही तुतीच. वेंडेल म्हणाला, दोष काचेचा नाही, डोळ्यांचा. बुबुळाची गोलाई बिघडली की ठिपका असा फिसकटतो. कुणाचं वयाने होतं, कुणाचं जन्मापासूनच असतं, आणि चष्म्यानेही ते दर वेळी जात नाही.

त्यानंतर आली ती सगळ्यात जोरदार दुर्बीण, सगळं कितीतरी पट मोठं दाखवणारी. भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं डोकं होतं, त्यावर लिओटा नेम धरायला गेली. हाताचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो, त्यामुळे तिला कधी कॅलेंडर सापडे, कधी पंखा, हरीण काही सापडेना. मी लगेच म्हटलं की हीच घे, हिच्यातून पापणीचे केससुद्धा मोजता येतील.

"तू घे म्हणतेस, म्हणजे नक्कीच नको," लिओटा म्हणाली. वेंडेल खो खो हसला. मेला.

शेवटी निघाली एक छोटीशी, जेमतेम दुप्पट मोठं दाखवणारी. लिओटाने हात उचलला की हरीण समोर, खाली करून पुन्हा उचलला की पुन्हा समोर. तिने ती मला दिली. मी बघितलं आणि बघतच राहिले. हरणाचा खांदा आणि नेमाची फुली, दोन्ही स्वच्छ, आणि एकाच वेळी. उभ्या जन्मात मला असं दिसलं नव्हतं. एक धूसर नि दुसरं अंदाजाने, जगात सगळ्यांना असंच दिसत असेल अशी माझी समजूत होती. म्हणजे तो भिंतीवरचा पडदा माझ्या हातांनी नव्हता शिवलेला, डोळ्यांनी शिवला होता! आणि हिला एका दुपारी बसल्याजागी उपाय सापडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. लिओटा माझ्याकडे बघत होती. तूही एक घे म्हणाली. मी म्हटलं, मी काही आंधळी झाले नाही.

शिकारीच्या पहिल्या सकाळी तिने गाडीपाशी वडिलांचं रिव्हॉल्व्हर, दुर्बीण लावलेलं, माझ्या हातात ठेवलं आणि माझं मागून घेतलं. का, तर बघू या म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कळलं नाही का? साध्या माशीने हरीण पाडून दाखवायचं होतं बाईसाहेबांना, म्हणजे माझी उरलीसुरली अब्रूही गेली.

उजाडल्यावर टेकडीवरून बार आला. झालं, मारलं हिने, असं म्हणत मी ओंडक्यावर चडफडत बसले. थोड्या वेळाने वरून पाला तुडवत एक नर थेट ओढ्यावर आला. मी कोपरं गुडघ्यांवर टेकली. फुली खांद्यावर बसली, हलली नाही. हरीण चार ढांगा टाकून पडलं.

तो लिओटाच्या हातून सुटलेलाच नर. बर्लने वर जाऊन बघितलं, रक्ताचा थेंब नाही, गोळी शेजारच्या खोडात. संध्याकाळी खोपीत तिचा निळा शर्ट कापला गेला. मचाण माझं झालं! पण माझ्या हरणाबद्दल कुणी चकार शब्द काढेल तर शपथ. सगळ्यांचं एकच पालुपद, की बघा, बहिणीसाठी स्वतःचं हत्यार दिलं. बर्लचे तर डोळे भरून आले. तिचा तुकडा शेगडीच्या वर, मधोमध लागला, आणि माझा नर बाहेर थंडीत टांगलेला.

मी भांडी घासायला बाहेर आले. मागून लिओटा आली, शर्ट मागून आखूड, थंडीने कुडकुडत.

"मुद्दाम चुकवलास ना?" मी विचारलं.

"नाही गं. मन लावून धरला होता. माशी दिसली की हरीण नाही, हरीण दिसलं की माशी नाही." तिने पातेलं विसळलं. "तू इतकी वर्षं असंच मारत होतीस? आणि तरी दोन-तीन आणलीस. मला एक जमलं नसतं, ऑर्फा."

मी ताटली खाली ठेवली. वेण्या घालत होतो तेव्हापासून मी हे एक वाक्य ऐकायला बसले होते.

"आत चल," मी म्हटलं. "हेच बर्लसमोर म्हण. सगळ्यांसमोर."

तिने कापलेला शर्ट ओढून कमरेत खोचायचा प्रयत्न केला, तो पुरला नाही.

"मचाण घे," ती म्हणाली. "दुर्बीणही ठेव पाहिजे तर. पण तेवढं मागू नकोस."

आणि पातेलं घेऊन आत गेली.